न वाचलेल्यांची हजेरी

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ई-संसाधनांची नवी प्रणाली सुरू झाली त्या सोमवारी, मी सहा वर्षांत उघडून न वाचलेले तीन हजार नऊशे बारा शोधनिबंध सकाळी दहा वाजता स्वतः हजर झाले.

प्रणालीने त्यांना पत्रं पाठवली होती. जुन्या प्रणालीत निबंध किती वेळा उघडला एवढंच कळायचं. नवीत तो किती वेळ वाचला हेही कळतं, आणि दोन्हींत फरक दिसला तर संबंधितांना पडताळणीसाठी बोलावलं जातं. माहितीपत्रकात हे सातव्या पानावर होतं. आम्ही चौथ्या पानापर्यंत गेलो होतो.

दिसायला ते साधे होते. पांढरे, अंगाने किरकोळ, डाव्या खांद्याला पिन मारलेली. वाचन कक्षातल्या एकशे साठ खुर्च्या भरल्या. उरलेले जिन्यावर आणि तिथून सायकल स्टँडपर्यंत ओळीत उभे राहिले. ग्रंथालयात कसं वागायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. मी पहिल्या रांगेतल्याला पाणी हवं का विचारलं.

"नको," तो म्हणाला. "शाई उतरते."

मी इथे बावीस वर्षं परिचर आहे. शिक्षण दहावी. माझं काम पुस्तकं जागेवर लावणं आणि टेबलं पुसणं. सहा वर्षांपूर्वी ग्रंथपाल डोईफोडे सरांनी मला संगणकावर बसवलं. ज्या जर्नलचा वापर शून्य दिसतो त्याची वर्गणी वर्षअखेर बंद होते, आणि आमच्याकडे पुष्कळ जर्नल्स शून्यावर होती.

"खरातबाई, रोज तीन ते चार बसायचं," सर म्हणाले होते. "उघडायचं, बंद करायचं. वाचत बसू नका, वेळ जातो."

मला वाचता येणार नव्हतंच, सगळं इंग्रजीत. पण घरी मी सांगितलं की आता माझं काम संगणकावर आहे. त्या दिवशी नवऱ्याने पेढे आणले. मी तीन पेढे खाल्ले. हे आठवलं की अजून मान वर होत नाही.

त्या सोमवारी सर केबिनमधून बाहेर आले, खुर्च्यांकडे पाहिलं आणि आधी माझ्यावरच चिडले. "यांना इथे बसवलं कुणी?"

"प्रणालीने, सर."

"शुक्रवारी उद्घाटन आहे. कुलगुरू येणारेत. त्यांना काय सायकल स्टँडवर बसवू?"

काउंटरवरच्या पडद्यावर प्रत्येक निबंधापुढे प्रश्न होता: वाचला का? होय, नाही. खाली माझं नाव होतं, कारण उघडणारी मी होते. सर म्हणाले, "होय दाबत चला. झालं की जातील आपापल्या घरी."

मी पहिल्या क्रमांकाला होय दाबलं. समोरच्या खुर्चीतला निबंध उठला, काउंटरपाशी आला आणि नम्रपणे म्हणाला, "आभारी आहे. मग सांगा, मी काय म्हणतो?"

मी पडद्यावरचं त्याचं इंग्रजी नाव पुन्हा पाहिलं. तो थोडा वेळ थांबला. मग परत जाऊन बसला आणि पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न आला.

संध्याकाळपर्यंत मी एकशे चाळीस वेळा होय दाबलं. एकशे चाळीस निबंध उठले, विचारून गेले, बसले. एकही चिडला नाही. चिडले असते तर बरं झालं असतं.

पहिला क्रमांक भातखाचरातल्या खेकड्यांवर होता. यादीत तो सगळ्यात वर असायचा, म्हणून मी रोज त्याच्यापासून सुरुवात करत असे. तो अकराशे चाळीस वेळा उघडला गेला होता. बुधवारी मी त्याच्या खुर्चीखालचं पुसत होते, तेव्हा तो हळूच म्हणाला, "तुम्ही त्या मुलीला लाइन नाही असं का सांगायचात?"

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

निकहत तांबोळी नावाची मुलगी होती. प्राणिशास्त्रात संशोधन करायची, गावाहून यायची, पावणेचारच्या एसटीने परत जायची. दुपारपर्यंत तिची प्रयोगशाळा असे. जर्नल उघडणारा संगणक एकच, आणि ती यायची तेव्हा त्याच्यावर मी. "मावशी, पंधरा मिनिटं द्या ना," म्हणायची. मी म्हणायचे, "आज इंटरनेटची लाइन नाही गं." रोज एकच कारण बरं दिसत नाही, म्हणून कधी मशीन बिघडलंय म्हणायचे. एकदा तिने मला बोरं आणून दिली होती. दोनेक महिन्यांनी ती यायची थांबली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

"ती माझ्यासाठी यायची," निबंध म्हणाला. "तुम्ही लाइन नाही म्हणायचात, तेव्हा मी उघडाच असायचो. तुमच्यासमोर."

गुरुवारी मी सरांना म्हटलं, "सर, मी 'नाही' दाबते."

"तीन हजार नऊशे बारा वेळा? तुमच्या नावावर? अहो, तुमची चौकशी लागेल."

"तुम्हीच सांगितलं होतं ना, सर."

"मी तोंडी सांगितलं होतं," सर म्हणाले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. त्यांनाही लाज वाटली असावी, पण ती त्यांनी मला दाखवली नाही.

शुक्रवारी कुलगुरू आले. खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून त्यांनी उभ्यानेच भाषण केलं. ग्रंथालयातली ही गर्दी पाहून समाधान वाटतं, असंही म्हणाले. मग सगळ्या यादीला एकदम होय किंवा नाही लावायचं बटण दाबायला मला पुढे बोलावलं, कारण वापराच्या अहवालात विद्यापीठाची सर्वाधिक वाचक म्हणून माझं नाव आलं होतं. टाळ्या झाल्या. निबंधांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

मी 'नाही' दाबलं.

पडदा मोठा लावलेला होता, सगळ्यांना दिसला. एकेक 'नाही' खाली उतरत गेलं, प्रत्येकासमोर माझं नाव. पूर्ण यादी यायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ मी पदराचं टोक धरून तिथेच उभी होते. शेवटी प्रणालीने लिहिलं: नोंद झाली. वाचन शिल्लक. वेळ रोज तीन ते चार.

"छान," कुलगुरू म्हणाले, आणि चहाला गेले.

निकहतचा नंबर जुन्या नोंदवहीत होता. मी फोन केला. सोमवारी तीनला ती आली, अंगाने जरा भरली होती. मी तिला सगळं सांगितलं. लाइन होती, मशीन चांगलं होतं, सगळं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, मी विषय बदलला त्यापायी. खेकडे सोडले. आता सगळे करतात तोच विषय घेतलाय."

"मला माहीत नव्हतं गं."

"तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही वाचतच नव्हता."

हे ती रागाने म्हणाली नाही. मी मान खाली घातली. तिने मला माफ केलं, असं मी लिहिणार नाही, कारण तसं ती बोलली नाही. तिने पर्स टेबलावर ठेवली आणि पहिल्या क्रमांकाकडे वळली.

"किती पानांचे तुम्ही?"

"अकरा," तो घाईने उठत म्हणाला. "संदर्भ सोडून."

"माझी पावणेचारची गाडी आहे."

"सारांश आहे माझ्याकडे. तेवढाच घेतलात तरी चालेल."

"बसा. पूर्ण वाचते," निकहत म्हणाली.

ती वाचत होती आणि तो अगदी स्थिर बसला होता. चौथ्या पानावर ती एकदा हसली. काय होतं ते मी विचारलं नाही, तो माझा अधिकार नव्हता. पावणेचार वाजून गेले. शेवटचं पान झाल्यावर तो उठला, तिला वाकून नमस्कार केला, माझ्याकडेही बघून मान हलवली आणि दारातून बाहेर पडला. पडद्यावर तीन हजार नऊशे अकरा झाले. एसटी चुकलीच होती. निकहत रिक्षा बघायला खाली उतरली. पुन्हा येईन असं म्हणाली नाही.

चार वाजायला पाच मिनिटं होती. मी मुलाचा शाळेतला शब्दकोश घरून आणून ठेवला होता. दुसरा क्रमांक पहिल्याच्या खुर्चीवर येऊन बसला. त्याची चौदा पानं होती. मी त्याला म्हटलं, "मला फार वेळ लागेल हो."

"आम्ही सहा वर्षं थांबलोय," तो म्हणाला.

मी हात धुऊन आले, चष्मा लावला आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. शब्द होता 'द'. तो मला येत होता. मागच्या रांगेतले निबंध नीट ऐकू यावं म्हणून खुर्च्या पुढे सरकवून बसले.