पांढऱ्या सोफ्याला प्रवेश नाही!

“फोटोसाठी घर तयार करायचं? माझं घर गेली तीस वर्षं तयारच आहे! तुमचा फोटोवालाच उशिरा येतोय!”

पनायोताबाईंनी हे इतक्या जोरात सुनावलं, की पलीकडच्या एजंटाला कानाशी फोन धरायची गरजच उरली नाही.

मेलबर्नच्या उत्तरेकडच्या त्या गल्लीत बाईंचं घर शोधायला नंबर लागत नसे. दारात सिमेंटचे दोन सिंह, सिंहांमागे पांढरेशुभ्र खांब आणि खांबांमागे झाडू घेतलेल्या खुद्द बाई! यातलं भीतिदायक कोण, हे पोस्टमनला विचारा.

घर विकायची वेळ आली ती थनासींच्या गुडघ्यांमुळे. थनासी म्हणजे बाईंचे यजमान. दाराच्या पायऱ्या चढताना ते मध्येच थांबायचे आणि ग्रीसमधल्या झाडून सगळ्या संतांना हाका मारायचे. बाईंच्या बहिणीच्या घराला लागून बिनपायऱ्यांचं एक छोटं घर रिकामं झालं होतं. ते हवं, तर हे चांगल्या भावाने जायला हवं.

“हल्ली लोक आधी फोटो बघतात,” एजंट लॅकलन म्हणाला होता. त्याचे दात त्याच्या गाडीपेक्षा जास्त चकाकायचे. “मी आमची सजावटवाली पाठवतो.”

सजावटवाली आली. नाव इमोजेन. कपडे करडे, केस करडे रंगवलेले, आवाजसुद्धा करडाच.

“हाय पनायोता!”

नातीच्या वयाची पोरगी सरळ नावाने हाक मारते! बाईंनी झाडूवरची पकड घट्ट केली.

इमोजेन दिवाणखान्याच्या दारात थबकली. समोर निळ्या मखमलीचा भलाथोरला सोफा. सोनेरी गोंडे, सिंहाच्या पंजांचे पाय, आणि दुकानातून आला त्या दिवसापासून अंगावर चढवलेलं जाडजूड प्लास्टिक.

“हे जरा काढू या का?”

“काय काढू या?”

“सगळंच. इथे कुणी राहतं असं फोटोत दिसता कामा नये.”

“मग काय दिसायला हवं? भुतं?”

“तसं नव्हे. खोली रिकामी दिसली, की बघणाऱ्याला वाटतं, आपणच इथे राहतोय.”

“पण मी राहते ना इथे! मेले नाही अजून!”

इमोजेनचा हात भिंतीवरच्या मेरीमातेच्या तसबिरीकडे वळला. “लावून तर बघ हात!” बाई गरजल्या. तसबीर जागेवर राहिली. मग इमोजेनने सिंहांवर चादरी घातल्या. बाईंनी त्या ओढून काढल्या. “का गं, थंडी वाजतेय का त्यांना?”

शेवटी थनासी मध्ये पडले. “योता, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. माझ्या गुडघ्यांकडे बघ.”

बाईंनी गुडघ्यांकडे बघितलं आणि त्या दारातून बाजूला झाल्या. इमोजेनच्या दोन हमालांनी निळा सोफा उचलून बाहेर फुटपाथच्या कडेच्या गवतावर ठेवला. शेजारी टेम्पोतून एक पांढरा सोफा उतरवला, पांढरा गालिचा, उंच मानेचा दिवा आणि परडीभर प्लास्टिकची लिंबं. मग दोघे हमाल जेवायला गेले.

बाईंनी पांढऱ्या सोफ्याभोवती एक फेरी मारली.

“दवाखान्यातला बाक आहे हा!”

“भारी लिनन आहे, पनायोता.”

“असू दे! हा माझा उंबरठा ओलांडणार नाही. परत ने!”

इमोजेन लॅकलनला फोन करायला मागच्या बाजूला गेली. बाई राखणीला उभ्या राहिल्या.

आता झालं असं, की त्या आठवड्यात नगरपालिकेची मोठा कचरा उचलणारी गाडी यायची होती. गल्लीभर जुनं सामान गवतावर मांडलेलं. त्यातलं ज्याला जे हवं ते त्याने उचलून न्यावं, कुणी हरकत घेत नाही. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. पण रागाच्या भरात माणसाला काय काय आठवणार!

गाडीला ट्रेलर जोडून दोन तरुण आले. चांगले दणकट गडी.

“मावशी, हा पांढरा नेऊ का?”

पोरीला अक्कल आली तर! तिनेच माणसं धाडली, असं बाई समजल्या.

“विचारताय काय? न्या! आत्ताच्या आत्ता न्या!”

“गालिचापण?”

“गालिचा, दिवा, ती खोटी लिंबं, सगळं!”

“नक्की ना?”

“परत आणलंत तर तंगड्या तोडीन!”

पोरं इतकी खूश झाली, की एकाने बाईंच्या गालाचा मुकाच घेतला! बाई विरघळल्या. आत जाऊन त्यांनी वेणीसारखी वळलेली बिस्किटं आणली, वर सोफा बांधायला दोरही दिला.

“आणि हा निळा? हापण टाकायचाय?” दुसऱ्याने प्लास्टिकवर थाप मारत विचारलं.

“टाकायचाय?!”

झाडू वर गेला. ट्रेलर सुसाट सुटला.

इमोजेन परत आली. “सोफा कुठाय?”

“नेला तुझ्या माणसांनी. गुणी आहेत हो पोरं.”

“माझी माणसं?” इमोजेनने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथून तिचे दोन्ही हमाल हात पुसत निवांत येत होते. पोरीच्या करड्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग चढला. तांबडा!

तेवढ्यात फोटोवाल्याला घेऊन लॅकलन हजर. त्याने रिकामा दिवाणखाना बघितला आणि त्याचे दात मिटले.

“रिकामी खोली लहान दिसते. आता काय हो?”

“आता काय म्हणजे? उचला तो निळा!” बाईंनी हुकूम सोडला.

निळा सोफा वाजतगाजत आत आला. फोटोवाला वैतागला. “प्लास्टिक केवढं चमकतंय! सोफ्याच्या जागी माझंच तोंड दिसतंय.”

सगळे बाईंकडे बघायला लागले.

“योता,” थनासी हळूच म्हणाले, “त्याच्याखाली मखमल कशी लागते, मला कधी कळलंच नाही.”

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग कात्री आणली आणि स्वतःच्या हाताने प्लास्टिक टराटरा कापलं. आतली निळाई अशी उजळून निघाली, की इमोजेनसुद्धा “अरे वा!” म्हणून गेली. बाई सोफ्याच्या ऐन मध्यावर बसल्या. शेजारी थनासींना बसवलं.

“काढ आता फोटो.”

“आजी, माणसं नकोत फोटोत.”

“घर माणसांचं आहे. कोंबड्यांचं नाही. काढ!”

उन्हं उतरत होती. फोटोवाल्याने हात जोडले आणि बटण दाबलं. जाहिरातीत तोच फोटो झळकला. मखमल, मेरीमाता, मखमलीवर मायेने हात फिरवणारे थनासी आणि हाताची घडी घालून, बघणाऱ्याला आता हाकलतील की मग, अशा पवित्र्यात बाई!

पांढऱ्या सोफ्यासाठी विम्याचा माणूस चौकशीला येऊन गेला. “ते दोघे दिसायला कसे होते?”

“भुकेले,” बाईंनी सांगितलं.

तिथे घरं विकतात ती दारातच लिलाव करून, त्यामुळे त्या दिवशी गल्ली माणसांनी फुलून गेली. सिंहांच्या मधोमध उभा राहून लॅकलन ओरडत होता. बाई आणि थनासी स्वयंपाकघराच्या पडद्याआड. बोली चढली, आणखी चढली, मनात धरलं होतं त्याच्याही वर गेली आणि हातोडा पडला. थनासी बायकोला बिलगून रडायलाच लागले.

“बघितलंस?” बाईंचेही डोळे भरले होते, पण मान ताठ. “माझा फोटो!”

विकत घेणारा सह्या करायला आत आला. वॉरिक नावाचा उंच, अबोल गृहस्थ. बाईंनी त्याच्यापुढे मिठाईची बशी सरकवली.

“फोटोतलं सगळ्यात जास्त काय आवडलं तुम्हाला?”

“फोटो? नाही बघितले. जमिनीचं माप बघितलं.” त्याने पेन काढलं. “हे पाडून चार छोटी घरं बांधायचीयेत.”

लॅकलनने छताकडे बघितलं. थनासींनी टेबलाखाली बायकोचा हात धरला. “योता, सही कर गं. गुडघे...”

बाईंनी वॉरिकच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि ॲप्रनच्या खिशात टाकलं.

“सही करीन. आधी घर बघायचं.”

“पण मी तर ते पाडणार...”

“काय पाडणारेस, ते बघून पाड! चल. बूट काढ आधी, फरशी पुसलीय.”

वॉरिकने लॅकलनकडे पाहिलं. लॅकलनने मुकाट्याने स्वतःचेही बूट काढले. मग वरात निघाली. पाहुण्यांची खोली, नक्षीचं छत, गुलाबी न्हाणीघर, बोहल्यावर बसवावं तसं सजवलेलं जेवणाचं टेबल. प्रत्येक कपाट उघडलं गेलं, प्रत्येक फरशीची कहाणी झाली. मोज्यातून डोकावणारा अंगठा लपवत वॉरिक मान डोलावत होता. शेवटी घामाघूम होऊन तो म्हणाला, “खरंच सुंदर आहे. झालं ना बघून?”

“झालं?” पनायोताबाईंनी मागचं दार उघडलं. “अरे, हे नुसतं पाहुण्यांसाठी! इथे कोण राहतंय? आम्ही राहतो ते मागे गॅरेजात. चल!”