सॅण्डलची रंगीत तालीम

"चप्पल पायानं नाही, डोक्यानं घ्याची असते!"

केवळरामनं हे विहारात सगळ्यांसमोर जाहीर केलं. गोंदियाजवळच्या गोरेगावहून बुद्धपौर्णिमेला बोधगया-सारनाथची सहल निघणार होती. मे महिन्याचं ऊन, मैलोगणती चालणं. काय घालावं पायात? अशा वेळी केवळरामनं गप्प बसायचं म्हणजे फारच झालं! एसटीत कंडक्टरी करून उभा जन्म खरोखरच उभ्यानं काढलेला माणूस. पायाचं त्याच्याइतकं कोणाला कळणार?

दुसऱ्याच दिवशी तो बायकोला, रुक्माबाईला घेऊन गोंदियाला गेला. दुकानातल्या अर्ध्या सॅण्डली त्यानं उलट्या केल्या, वाकवल्या, पिळल्या, एक तर हुंगूनही पाहिली. शेवटी जाड तळाची, तीन पट्ट्यांची एक जोडी पसंत पडली.

"अंकलजी, लगेगा ही नहीं कि पैर में कुछ है!" दुकानदार म्हणाला.

"अजी, बोटं दबून राहिली ना तुमची?" रुक्माबाई म्हणाली.

"चालून चालून सैल होते वं! तुले काय समजते त्यातलं?"

तिनं पिशवीतून पैसे काढले. संसारात कुठं गप्प बसायचं ते तिला चांगलं कळत होतं.

घरी आल्यावर केवळरामला वाटलं, प्रवासाआधी रंगीत तालीम व्हायलाच पाहिजे! रुक्माबाई शेजारी पापड लाटायला गेलेली पाहून त्यानं पाठीवरच्या बॅगेत तांदूळ भरला, डोक्याला दुपट्टा बांधला आणि भर दुपारी गोंदिया रोडनं निघाला. पहिलं वळण येईपर्यंत चाल अशी, जणू मिरवणुकीत पुढं चाललाय! दुसऱ्या वळणाला टाच कुरकुरू लागली. तिसऱ्याला करंगळी नुसती ठणकू लागली. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

नेमका तेव्हाच मोटारसायकलवरून सेवकराम आला. सेवकराम म्हणजे चाकं लावलेलं वर्तमानपत्र.

"काऊन गा कंडक्टर, एवढ्या उन्हाचा कुठं जाऊन राहिला?"

"कुठं नाही. नुसता चालून राहिलो."

"बॅग घेऊन? अन् रडून काऊन राहिला?"

आता सॅण्डल चावते असं सांगायचं कसं? अख्ख्या विहारासमोर तोंड वर करून बोललेला माणूस!

"ज्याले लागते त्यालेच समजते गा," केवळराम कण्हत म्हणाला. "मीच पसंत केली. तवा किती नरम वाटली! आता चावून राहिली. कोणाले सांगू?"

सेवकरामचा चेहरा एकदम गंभीर झाला. "समजलो मी," एवढंच म्हणून त्यानं गाडी गर्रकन वळवली.

गोरेगावात पोहोचेपर्यंत बातमीला पाय, शेपूट, शिंगं सगळं फुटलं. केवळराम घर सोडून गेला! रुक्माबाई फार बोलते म्हणे! आता हिमालयात जाणार म्हणे! कोणीतरी बिरसी गावी रुक्माबाईच्या भावाला, दुधरामला फोन लावला. दुधराम जेवत होता. तो हात न धुताच निघाला.

इकडे केवळराम रस्त्याकडेच्या आंब्याखाली बसला होता. अनवाणी चालावं तर डांबर तापलेलं, घालावं तर जीव जातो. दोन हातांत दोन सॅण्डली आणि तोंडावर असा भाव, की जग मिथ्या आहे.

दुधरामनं गाडी थांबवली आणि सरळ पायच धरले. नेमके फोड आलेले!

"आई गं!" केवळराम ओरडला.

"इतकं दुःख हाये भाऊजी? चला घरी. आमच्या बाईची चूक असन त मी समजावतो तिले!"

"अगा, बाईचं काय? ही सॅण्डल..."

"राहू द्या. मोठ्या माणसानं पांघरूण घालू नये!"

घरी पाहावं तर अंगण माणसांनी भरलेलं. मधोमध रुक्माबाई, हातात लाटणं. तिच्या डोळ्यांत राग होता. पण त्यामागं चांगलीच घाबरलेली होती ती.

"काय केलं जी मी तुमचं? कायले चालले होते?"

केवळरामनं दोन्ही पाय पुढं केले. टाचांवर सुपारीएवढे फोड. रुक्माबाईनं फोड पाहिले, सॅण्डली पाहिल्या आणि पदर तोंडाशी नेऊन अशी हसली, की खाली बसली. सगळं अंगण हसलं. एकटा सेवकराम तेवढा हिरमुसला. एवढी बातमी हातची गेली!

माणसं पांगल्यावर तिनं त्याचे पाय धुतले, हळदीचं तेल लावलं. मग हळूच म्हणाली, "सेवकरामले 'चावून राहिली' म्हटलं, ते सॅण्डलले ना?"

"मंग का तुले? सॅण्डल मी पसंत केली होती. तुले त माझ्या बाबानं केली."

"म्हणून टिकली!"

फोड बसल्यावर दोघांनी दुकानात जाऊन मोठ्या नंबरची जोडी बदलून आणली. या वेळी पसंती रुक्माबाईची. आणि तालमीला तीही सोबत निघाली, स्वतःची बॅग घेऊन. पहाटेचा गार वारा, दोन्हीकडं बांध्या, म्हणजे धानाची मोकळी शेतं, पाय कसे मजेत! दोघं गप्पा मारत इतकी रंगली, की बाजूनं एक ओळखीची मोटारसायकल सावकाश गेल्याचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

ती दोघं घरी परतली, तर नागपूरहून मुलाचा, विवेकचा फोन खणखणत होता. बिचारा रडकुंडीला आला होता.

"बाबा, मामा मले शिव्या देऊन राहिला! मी तुम्हाले घराबाहेर कवा काढलं जी?"