रणपिसेसाहेबांची न दिसणारी कादंबरी

"सुमन, फोन ठेव उद्गारचिन्ह. अगं ठेव म्हणतो ना स्वल्पविराम माझी लाइन तुटली, उद्गारचिन्ह, उद्गारचिन्ह."

हा आवाज पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी मयूर विहारच्या त्या सोसायटीत सामान चढवत होतो आणि माझ्या हातून मिक्सरचा खोका निसटून दोन जिने खाली गेला. आवाज साधा नव्हता. खालच्या मजल्यावर मिसेस भाटियांचा कुकर शिट्टीवर आला होता, तो हबकून तसाच गप्प बसला.

मी पुण्याहून नोएडातल्या एका कंपनीत आलो होतो. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळणार आणि आकाशातली विमानं पिकल्या पेरूंसारखी टपाटप पडणार, अशी तेव्हा बोलवा होती. ती विमानं वर धरून ठेवण्यासाठी आमच्यासारख्या पोरांना घाऊक भावाने आणलं होतं. दिल्लीत ओळखीचं काळं कुत्रंही नव्हतं. त्यामुळे समोरच्या दारावर 'म. य. रणपिसे' ही मराठी पाटी दिसली, आणि आत नवराबायको फोनवरून मराठीत भांडतायत हे कळलं, तेव्हा मला सदाशिव पेठेत परतल्यासारखं वाटलं. मी मिसेस भाटियांना म्हटलं, सुमनताईंना फोनवर बोलायची फार आवड दिसते.

मिसेस भाटिया मटार सोलायच्या थांबल्या. "सुमनजी? वो तो पिछली सर्दियों में चल बसीं, बेटा." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "ये रोज़ चिल्लाते हैं. और सच बताऊँ? चिल्लाने के बाद लाइन जुड़ जाती है."

बाहेर जानेवारीचं धुकं होतं. दिल्लीचं धुकं म्हणजे गंमत नव्हे. समोरची इमारत सकाळी जाते ती दुपारी जेवायला परत येते. एकदा तर मी माझ्याच गॅलरीत वाळत घातलेल्या शर्टाला 'नमस्कार' म्हटलं होतं. त्या धुक्यात उभा राहून मी हे ऐकलं आणि घरात जाऊन दाराला दोन्ही कड्या लावल्या.

पण रणपिसेसाहेबांपासून कड्या लावून वाचलेला माणूस अजून जन्मायचाय. दुसऱ्याच दिवशी दार वाजलं. बाहेर कानटोपी, मफलर, त्यावर आणखी एक मफलर, आणि या सगळ्याच्या मधोमध एक चष्मा.

"आपण पुणेकर प्रश्नचिन्ह," चष्मा म्हणाला. "कॉम्प्युटरवाले प्रश्नचिन्ह. मग या पूर्णविराम."

साहेब केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झालेले. सगळी हयात स्टेनोला मजकूर सांगण्यात गेली आणि सांगता सांगता विरामचिन्हं जिभेला चिकटली, ती सुटलीच नाहीत. विषय बदलायचा झाला की 'नवा परिच्छेद' म्हणून घसा खाकरत. रागावले की 'हे ठळक करा' म्हणत. रविवारी चर्चमधून येताना भाजीच्या गाडीपाशी ते थांबत, तिथे मात्र शुद्ध हिंदी. "भैया, मटर देना अल्पविराम ताज़े देना." भाजीवाला गाडीवर शोधल्यासारखं करून म्हणे, "अल्पविराम तो आज नहीं आया, अंकल. पालक ले जाओ."

त्यांच्या घरात कॉम्प्युटर होता आणि त्याला मोडेम, म्हणजे फोनच्याच तारेवरून इंटरनेट जोडणारं डबडं; आतला जोडफोन कुणी उचलला की जोडणी तुटे. नंबर लागताना ते यंत्र जो आवाज काढी, तो रानडुकराला हार्मोनियम शिकवल्यासारखा होता. आणि त्या कॉम्प्युटरच्या पोटात साहेबांची कादंबरी होती.

मला ती त्यांनी पहिल्याच दिवशी उभ्याने सांगितली. पानिपतच्या रणातून एक कारकून जिवंत परततो आणि बखर लिहितो. बखरीची शेवटची ओळ जो वाचेल तो जागच्या जागी मरतो. म्हणून ती बखर लपवली जाते, फाडली जाते, आणि आजच्या काळात कोणी तिची पानं जगभरच्या कॉम्प्युटरांत विखरून ठेवतं. मेजर विक्रांत नावाचा शूर पुरुष इंटरनेटवरून एकेक पान हुडकतो. प्रत्येक प्रकरणात निदान एक माणूस गार. शेवटी विक्रांतला शेवटची ओळ सापडते, तो ती वाचतो, आणि कोसळतो. साहेब स्वतः सोफ्यावर कोसळून दाखवत. संशोधनासाठी ते वारंवार बसने पानिपतला जात आणि दर खेपेला लोणच्याची बरणी आणि एक कांबळं घेऊन येत. घरात इतकी कांबळी साठली होती की त्या युद्धात थंडीने गारठलेल्या आख्ख्या फौजेला पुरली असती.

"पण ती आता दिसत नाही पूर्णविराम," साहेब म्हणाले आणि फाइल उघडली.

मी पाहिलं आणि मला खरंच थंडी वाजली. पडद्यावर पानभर उलटी प्रश्नचिन्हं, पौंडाच्या खुणा, डोक्यावर टोप्या घातलेले परदेशी स्वर, मधूनच एखादा एकटा डॉलर. शेकडो पानं तशीच. कुणीतरी दात आवळून पुटपुटतंय आणि आपल्याला फक्त ओठ हलताना दिसतायत, असं काहीतरी. साहेबांनी खालचा कोपरा बोटाने दाखवला. प्रत्येक पानाच्या तळाशी, डाव्या हाताला, तीच ती खूण. तिरकी रेघ, मग काही चिन्हं, मग पुन्हा तिरकी रेघ. एकही पान त्यातून सुटलं नव्हतं.

"ही त्यांची मोहोर," साहेब कुजबुजले. "ज्यांना बखर बाहेर येऊ द्यायची नाही ते. सुमन गेली, पुतण्याने जुना कॉम्प्युटर काढून हा नवा बसवला, आणि त्याच आठवड्यात त्यांनी माझी कादंबरी धरली."

त्या 'त्यांना' गाठण्यासाठी साहेब रोज इंटरनेटवर बसत आणि जगभरच्या अनोळखी लोकांना सरकारी इंग्रजीत पत्रं धाडत, की विषयांकित फाइलबाबत तातडीने खुलासा करावा. उत्तरं येत नसत. नंबर तुटे. मग ते आतल्या खोलीतल्या जोडफोनाकडे तोंड करून ओरडत, जसे सुमनताई असताना ओरडत. मी एकदा धीर करून विचारलं, आत तर कुणी नाही ना साहेब? ते म्हणाले, "म्हणून काय ओरडायचं नाही प्रश्नचिन्ह."

मी त्यांना पुष्कळ समजावलं. त्या काळातलं कॉम्प्युटरचं मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरांना नेसवलेलं लुगडं. आत सगळी ए-बी-सी-डीच, वरून फॉन्ट नावाचं वस्त्र मराठी. पुतण्याने फाइल नव्या यंत्रात आणली, फॉन्ट आणायचा राहिला. लुगडं मागे, बाई पुढे. हॅकर नाही, मोहोर नाही, काही नाही.

साहेबांनी पडद्याला नाक लावून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मजकूर इथेच आहे स्वल्पविराम फक्त मला दिसत नाही."

मी हो म्हटलं. त्यांनी मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आपण कॉम्प्युटरबद्दल बोलत होतो ना?

मग मी माझ्या मते रामबाण तोडगा काढला. कादंबरी साहेबांना मुखोद्गत होती. काना-मात्रा-स्वल्पविरामांसकट. मी म्हटलं, सोडा ती फाइल, तुम्ही सांगा, मी टाइप करतो, पंधरवड्यात पुस्तक उभं. कोणत्याही लेखकाने मला मिठी मारली असती.

"नको," साहेब म्हणाले. "तीच पाहिजे. हे ठळक करा."

आता आली का पंचाईत. तो फॉन्ट कुठला, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. टाइप केलेलं पान त्यांनी जन्मात वाचलं नव्हतं. साहेब वाचत नसतो, साहेब सही करतो. हे सोफ्यापुढे येरझारा घालत सांगणार, सुमनताई टाइप करणार, खाली सही करायला काही नाही म्हणून साहेब चहा पिणार, अशी ती कादंबरी झाली होती. मी विचारलं, सुमनताई कॉम्प्युटर कुठे शिकल्या? तर म्हणे सदनात. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात त्या मराठी टंकलेखिका होत्या, आणि घरातल्या कॉम्प्युटरवर मराठी त्यांनीच तिथून आणून घातलं होतं.

हे त्यांनी मला इतक्या दिवसांत सांगितलं नव्हतं. का, तर मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फ्लॉपी घेऊन निघालो. धुकं असं, की बस रस्त्यावर आहे की यमुनेत हे कंडक्टरलाही सांगता येईना. यमुना पुलावर तर बाहेर काहीच नव्हतं. वर नाही, खाली नाही, नुसतं पांढरं, आणि त्यात आमची बस चाललीय की उभी आहे हेही कळत नव्हतं. साहेबांनी फ्लॉपी स्वेटरच्या आत, छातीशी धरली होती. मी घाबरलो की बडबडतो, त्यामुळे पुणे, पगार, दिल्लीतले मिळमिळीत कांदेपोहे, सगळ्यावर बोलत राहिलो. सदनाच्या पायऱ्या दिसेपर्यंत माझं तोंड बंद नव्हतं.

आतल्या कोपऱ्यात, फुलाफुलांच्या प्लास्टिकखाली, तो कॉम्प्युटर होता. तिथल्या कारकून बाई म्हणाल्या, सुमनताईंचं मशीन आहे, नवीन आल्यापासून कुणी लावत नाही, चालतंय का बघा. की-बोर्डावरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून गेली होती. मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग साहेब हळूच म्हणाले, "सुमन, चालू कर." आणि आतून घरघर आली. जुन्या यंत्राला गरम व्हायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच.

फ्लॉपी घातली. आधी तीच उलटी प्रश्नचिन्हं दिसली. मी फॉन्ट निवडला आणि पडदा वरून खाली, ओळीमागून ओळ, मराठी होत गेला. पानाच्या तळाला पोचल्यावर ती मोहोर उघडली. मी मोठ्याने वाचली. "तिरकी रेघ, सु पूर्णविराम, र पूर्णविराम, तिरकी रेघ."

सरकारी कागदाच्या पायथ्याशी टायपिस्ट आपली आद्याक्षरं घालतो. साहेबांनी आयुष्यभर अशा हजारो कागदांवर सह्या ठोकल्या होत्या. चष्म्यावर धुकं साचलं होतं, ते पुसायच्या भानगडीत न पडता म्हणाले, तुम्हीच वाचा.

मी वाचू लागलो. 'मेजर विक्रांतने चाप ओढला. समोरचा इसम कोसळला.' शाबास, हे तर मला पाठ होतं. पण पुढची ओळ आली: 'घरी नलिनी वरणाला फोडणी देत होती. तिने दोघांची पानं घेतली आणि एक झाकून ठेवलं.'

नलिनी कोण? साहेबांच्या कादंबरीत बाईमाणूस औषधालाही नव्हतं. मी पुढे गेलो. प्रत्येक खुनानंतर दोनचार ओळी नलिनीच्या. विक्रांत हेलिकॉप्टरला लोंबकळतोय, इकडे नलिनी नळाला पाणी आलं म्हणून उठतेय. विक्रांत तळघरात अडकलाय, नलिनी खिडकीत उभी राहून धुक्यात कुणी दिसतं का बघतेय. मी चोरून साहेबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते.

आणि मग एक परिच्छेद असा आला की मी घडाघडा वाचत होतो तो अडलो. तुम्ही म्हणाल, हा थापा मारतो. मारतो. पण ही थाप नव्हे. 'धुकं दाट होतं. विक्रांत त्या जुन्या इमारतीच्या पायऱ्या चढला. बरोबर एक पुणेकर होता. तो वाटेत एकदाही गप्प बसला नाही.'

सुमनताई गेल्या तेव्हा मी पुण्यात होतो. दिल्ली नकाशातसुद्धा नीट पाहिली नव्हती.

"पुढे वाचा," साहेब म्हणाले.

मी शेवटच्या पानावर गेलो. विक्रांतच्या हातात बखरीचं अखेरचं पान आहे. इथे तो शेवटची ओळ वाचतो आणि मरतो. सोफ्यावर कितीदा मेला होता तो माझ्यासमोर. सुमनताईंनी लिहिलं होतं: 'ती ओळ पुसट झाली होती. विक्रांतला ती वाचता आली नाही, म्हणून तो वाचला. तो घरी आला. नलिनीने दार उघडलं.'

खाली तिरकी रेघ, सु. र., तिरकी रेघ.

कारकून बाई चहा ठेवून गेल्या. साहेबांनी तो घेतला नाही. मला म्हणाले, हे सगळं कागदावर काढता येईल का, आणि खालची आद्याक्षरं तशीच ठेवा. मी छापायला लावलं. ते यंत्र करकरत एकेक पान काढत होतं आणि साहेब प्रत्येक पान निघताच दोन्ही हातांनी धरत होते, तापलेली पोळी धरावी तसं.

परतीच्या बसमध्ये मी फार वेळ धीर धरला, पण माझ्या पोटात राहतं कुठे. म्हटलं, साहेब, तुम्ही सांगितलं एक आणि ताईंनी घातलं भलतंच, आख्ख्या कादंबरीभर. तुम्हाला कधी पत्ताच नव्हता?

साहेब कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होते.

"मी सांगायचा थांबलो तरी तिची बोटं चालू असायची," ते म्हणाले.