भोपाळला जाण्याचा सुपारीनिहाय विचार

माणूस गाव सोडतो त्याची कारणे दोनच आहेत. एक तर त्याला जायचे असते, नाही तर त्याला घालवलेले असते. तिसऱ्या प्रकारचा माणूस, ज्याला जाता का राहता असे विचारलेले असते, तो कुठेच जात नाही. तो विचार करतो.

ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात ही तिसरी जात सन छप्पन्नच्या पावसाळ्यानंतर फार वाढली. मध्यभारत नावाचे राज्य, जे आठ वर्षांपूर्वी आम्हाला न विचारता जोडले होते, ते आम्हाला न विचारताच मोडले आणि त्याहून मोठ्या राज्यात घातले. नव्या राज्याची राजधानी भोपाळ. (मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी होती. राजधानी लोकरीच्या बंडीसारखी पेटीत ठेवता-काढता येते, हे आम्ही जगाला दाखवले. जगाने लक्ष दिले नाही.) कचेऱ्या उठणार होत्या. ज्या कारकुनांना भोपाळ नको त्यांनी तसे कळवावे, इथेच कुठेतरी सोय लावू, असे सरकारने सांगितले. आमच्या लोकांना सरकारने प्रथमच काही विचारले होते. त्यामुळे ते घाबरले.

आमचे पूर्वज तापी-नर्मदा ओलांडून घोड्यावर इकडे आले. निघण्याआधी त्यांनी कमिटी नेमल्याचे कुठे ऐकिवात नाही. पण ते अडाणी होते. त्यांचे खापरपणतू शिकलेले होते, आणि भोपाळ तर एका रात्रीच्या गाडीवर होते. एवढ्या लांबच्या प्रवासाला कमिटी हवीच.

आमच्या दौलतगंजातली कमिटी सदाशिवरावांच्या ओसरीवर भरे, कारण प्रश्न त्यांचा होता. सदाशिवराव म्हणजे महसुलाच्या कचेरीतले वरच्या दर्जाचे कारकून. स्वभावाने इतके सज्जन की रस्त्यात गाय आडवी बसली तर ती उठेपर्यंत थांबत. अध्यक्षपद महिपतरावांकडे होते. त्यांनी दरबारच्या कोठारात हयात घालवली होती आणि कोणतीही गोष्ट मोजल्याशिवाय खरी मानीत नसत. धर्माची बाजू नाना भटजींकडे होती. कामकाज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी पलटणीतला माणूस. अक्षरे पन्नाशीनंतर शिकलो. मी सावकाश लिहितो, म्हणून इतिवृत्त आटोपशीर राहील, असे महिपतरावांचे म्हणणे पडले.

मला अक्षरे शिकवली सदाशिवरावांच्या बहिणीने, अनसूयाबाईंनी. त्या लवकर विधवा झाल्या, भावाकडे आल्या, तिथे राहून मास्तरणीची परीक्षा पास झाल्या आणि संध्याकाळी मागच्या अंगणात आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचा वर्ग घेत. त्यांना भोपाळच्या मुलींच्या नव्या शाळेत नेमणूक मिळाली होती. दिवाळी संपताच हजर व्हायचे होते. एकट्या बाईने परगावी राहायचे नाही, हे घरात ठरलेले. कुणी ठरवले ते कुणालाच आठवत नव्हते. म्हणजे सदाशिवराव गेले तर अनसूयाबाई शिक्षिका होणार. राहिले तर स्वयंपाकघरात आहेत तशा. ही बाब पहिल्याच बैठकीत माझ्याकडून कामकाजात लिहिली गेली. अध्यक्षांनी ती 'किरकोळ' या सदरात घालून शेवटी घेऊ म्हणून सांगितले. ('सामान' या सदराचाही विचार झाला होता, पण त्यात आधीच पाटा-वरवंटा आणि मोठे पातेले होते.)

आता पद्धत सांगतो. महिपतरावांनी कोठारातला आपला जुना पितळी तराजू आणला. एक पारडे जाण्याच्या फायद्यांचे, दुसरे तोट्यांचे. प्रत्येक कारणामागे एक सुपारी. आमच्यात सुपारी कशाच्याही जागी चालते. गणपती नसला तर सुपारी गणपती होते. पूजेला बायको हजर नसली तर सुपारी कनवटीला लावून तिची उणीव भरून काढतात, आणि पुष्कळांना ती सोय जास्त आवडते. तेव्हा कारणाच्या जागी सुपारी चालायला हरकत नव्हती. सुपाऱ्यांचा पुरवठा नानांचा. त्यांच्याकडे पूजेतल्या पिशवीभर होत्या. एकेक सुपारी लष्करातल्या निम्म्या घरांत गणपती होऊन आलेली.

पहिला फायदा भोपाळच्या तलावाचा: पाणी मुबलक. पहिला तोटाही तलावाचाच: पाणी मुबलक, म्हणजे डास आणि बुडण्याचे भय. (सदाशिवरावांच्या घरात आजवर कोणी बुडालेले नाही, पण तसा तलावही मिळालेला नव्हता.) दुसरा फायदा सरकारी क्वार्टरचा, दुसरा तोटा त्याच क्वार्टरचा, कारण त्याचे तोंड कुठल्या दिशेला असेल हे नानांना कळेना. तिसरा फायदा हवेचा. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात कावळा बसल्या जागी भाजतो, हे सर्वमान्य आहे. पण नाना म्हणाले, "भाजतो खरा, पण हे ऊन आपले आहे." त्यावर तोट्याच्या पारड्यात दोन सुपाऱ्या पडल्या.

सर्वांत वजनदार कारण अध्यक्षांचे स्वतःचे होते. ते म्हणाले, "तिथे आपण बाहेरचे ठरू."

"इथेही आपल्याला बाहेरचेच म्हणतात," मी म्हणालो.

"म्हणतात, पण किती पिढ्यांपासून म्हणतात ते पाहा, कान्होजी. बाहेरचे असण्यातही ज्येष्ठता असते. भोपाळला गेलो तर ती शून्यापासून सुरू."

हे कारण इतके पटले की त्याला नानांनी पिशवीतली सर्वांत मोठी सुपारी काढून दिली.

सदाशिवरावांच्या पत्नी कुसुमताई आतून म्हणाल्या, "तिथे भाजी महाग मिळून राहिली म्हणतात." ही सुपारी घेतली गेली. मग त्याच म्हणाल्या, "पण शेजारपाजार नवा मिळेल, तेवढाच आराम." ही घेतली गेली नाही. ओसरीवर शेजारच बसला होता.

इथे एक जाणकारीची गोष्ट नमूद करतो. माणसाला सल्ला देणाऱ्याचे त्या सल्ल्यात काही नसावे, असे म्हणतात. हे चूक आहे. ज्याचे काही नाही तो सल्ला द्यायला येईल कशाला? सदाशिवराव गेले तर नानांचे एक यजमानघर जाणार होते. महिपतरावांना रोज संध्याकाळी बसायला अशी ऐसपैस ओसरी दुसरी नव्हती. दोघेही तळमळीने बोलत. निःस्वार्थी माणसात ती तळमळ मी पाहिलेली नाही.

आता अडचण एकच होती. महिपतरावांना विचार करताना सुपारी लागे. अडकित्ता त्यांच्या हातात कायम, आणि विचारात गढले की हात आपोआप जवळच्या पारड्याकडे जाई. जवळचे पारडे फायद्यांचे होते. त्यामुळे विचार जितका खोल होई, तितके भोपाळचे फायदे कमी होत. क्वार्टर असेच गेले. हवाही गेली. तलावाचा निम्मा फायदा मी माझ्या डोळ्यांनी त्यांच्या गालात पाहिला. मी हरकत घेतली.

महिपतराव म्हणाले, "कोठारात घट धरावीच लागते. लिहा, घट."

मी लिहिले. (तोट्याच्या पारड्यातली सुपारी उचलायची सोय नव्हती. एकदा कारणाची प्रतिष्ठापना झाली की अक्षता टाकून विसर्जन केल्याशिवाय ते हलवता येत नाही, असे नानांनी सांगितले. फायद्यांना हा नियम का नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, चावणे म्हणजे हलवणे नव्हे.)

एवढे होऊनही दिवाळीआधीच्या शेवटच्या बैठकीत दोन्ही पारडी बरोबरीत आली. महिपतरावांना दाढदुखीने आठवडाभर सुपारी वर्ज्य होती, आणि तेवढ्यात कारकुनांचा पगार भोपाळला वाढणार अशी बातमी इंदरगंजातल्या कचेऱ्यांतून आली होती. काटा मधोमध उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत बसले.

तेव्हा अनसूयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. तांब्या ठेवला, नानांच्या पिशवीतून एक सुपारी घेतली आणि फायद्याच्या पारड्यात टाकली. पारडे खाली बसले.

मग अध्यक्ष म्हणाले, "ही कुणाच्या खाती?"

"माझ्या."

"बाई, तुमचे मत सदाशिवरावांच्या मतात धरलेले आहेच."

"मग दादाचे मत कुठल्या पारड्यात आहे, तेवढे दाखवा. मी माझी सुपारी तिथे नेऊन ठेवते."

आम्ही पारडी पाहिली. मी मागचे कामकाज चाळले. इतक्या बैठका झाल्या. सदाशिवरावांच्या नावावर एकही सुपारी नव्हती. सर्वांनी त्यांच्याकडे पाहिले. ते पाण्याच्या तांब्याकडे पाहत होते.

"मी सर्वांच्या मतात आहे," ते म्हणाले.

"दादा, शाळा मला मिळालीय. तुला नुसते गाडीत बसायचे आहे."

"अगं, मी कुठे नाही म्हणतोय? निर्णय होऊ दे ना."

प्रश्न नाजूक होता. ज्याचे मत दुसऱ्याच्या मतात आहे आणि त्या दुसऱ्याचे सर्वांच्या मतात, त्याची सुपारी वेगळी मोजली तर एकच मत दोनदा मोजले जाते. कोठारात याला दुबार नोंद म्हणतात. महिपतराव विचारात गढले. दाढ बरी झालेली होती. हात जवळच्या पारड्याकडे गेला, वरचीच सुपारी उचलली गेली आणि अडकित्त्यात धरली गेली.

अनसूयाबाई म्हणाल्या, "जपून, महिपतराव. पूजेची आहे. टणक असते."

त्यांनी कातरली, तोंडात टाकली आणि चावली. दात गेला नाही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण गोष्टींमध्ये अशा वेळी दात जातो. सुपारी चांगली निघाली, असे ते म्हणाले. मग त्यांना आणखी थोडा विचार करावा लागला, आणि पगारवाढही गेली. तोट्याचे पारडे बसले. भोपाळला जाऊ नये असे ठरले. नानांनी तराजूला हळदकुंकू वाहिले.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात वर्ग नेहमीप्रमाणे भरला. अनसूयाबाईंनी माझे कामकाज मागून घेतले आणि उभ्याने वाचून काढले. मला वाटले काही बोलतील. त्या म्हणाल्या, "शेवटी एवढे लिहा, की ठराव एकमताने झाला. नाही तर पुन्हा बैठक घेतील." आणि त्यांनी पुढच्या माणसाची पाटी तपासायला घेतली. त्यांच्या जागेवर शाळेने दुसरी बाई घेतली.

सदाशिवरावांची सोय सरकारने सांगितल्याप्रमाणे इथेच लावली. ते इंदरगंजातल्या एका कचेरीत, पूर्वी त्यांच्या हाताखाली असलेल्या माणसाच्या हाताखाली बसतात. ते समाधानी आहेत. निर्णय त्यांचा नव्हता. महिपतरावांचा पुतण्या याच काळात कुणालाही न विचारता भोपाळला गेला. त्याला क्वार्टर मिळाले. दार पूर्वेला आहे.

तेव्हापासून लोक माझ्याकडे हे इतिवृत्त पाहायला येतात. कुणाची दिल्लीला बदली असते, कुणाचा मुलगा भिलाईला बोलावत असतो. पाण्याचे काय, भाजीचे काय, बाहेरचे किती पिढ्या ठरतो, हे उतरवून घेतात. अनसूयाबाईंचे पान आले की मान हलवतात आणि म्हणतात, फार वाईट झाले, पूर्वी असेच असायचे, आमच्याकडे मात्र सगळ्यांना विचारून ठरते.

वाचकहो, तुम्हीही हेच आत्ता मनात म्हणालात. आता तेच स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून पाहा.