चालू ट्रान्समीटरमधला बिघाड

गेल्या उन्हाळी परीक्षेच्या आदल्या दिवशी कळमेश्वर रस्त्यावरच्या एका तंत्रनिकेतनात एक ट्रान्समीटर चालू झाला. विभागात घबराट पसरली.

तो अंतिम वर्षाच्या हिमानी भोयरनं बनवला होता. पारशिवनीची ही मुलगी तशी आज्ञाधारक. विभागाच्या फाईलमधली आकृती समोर ठेवून तिनं सगळं जोडलं, तेव्हा रेडिओवर नुसती खरखर आली. शहाण्या विद्यार्थ्यानं इथं थांबायचं असतं. हिनं बॅटरी बदलली, कॉइल पुन्हा गुंडाळली, सोल्डर तपासलं आणि चौथ्या दिवशी तिला कळलं, की आकृतीतच ट्रान्झिस्टरचे पाय उलटे दाखवले आहेत. तिनं ते सुलटे जोडले.

शेजारच्या खोलीत प्रयोगशाळा सहायक मधुकरराव रेडिओ ऐकत होते. ते धावतच विभागप्रमुख जितेंद्र सरांकडे गेले.

"सर, गाणं बंद पडलं अन् रेडिओतून भोयर 'हॅलो हॅलो' करून राहिली!"

सर तडक आले. "काय वं हिमानी, हे काहून बोलून राहिलं?"

"सर, ट्रान्समीटर आहे ना."

"ते मले माहीत आहे. फाईलीत काय लिहिलं?"

फाईलीत अकरा वर्षं एकच निष्कर्ष होता: 'सैल जोडणीमुळे आवाज आला नाही, तथापि उद्दिष्ट साध्य झाले.' खाली अकरा परीक्षकांच्या सह्या.

"म्हणजे अकरा परीक्षक चुकले?"

"नाही सर, आकृतीच चुकली—"

"आकृती मी काढली."

बिघाड शोधायला त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. तासाभरात कारण सापडलं: जोडणी आकृतीनुसार नाही. उपाय: ट्रान्झिस्टर उलटा बसवणे. हिमानीला रडू आलं. पण नापास झाली तर वर्ष जाणार होतं, आणि घरी तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं असतं. तिनं सोल्डरिंग गन उचलली. आवाज बंद झाला.

"शाब्बास," सर म्हणाले, "आता दुरुस्त झालं."

पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण मिळाले. दोन गुण वहीत समास नीट न सोडल्याबद्दल कापले.

निकालावर तिला नागपुरात लिफ्टमधल्या धोक्याच्या घंटा तपासायची नोकरी लागली. पहिल्याच दिवशी प्रताप नगरातल्या एका इमारतीत तिनं बटण दाबलं. घंटा वाजली नाही. तिनं मागच्या वर्षीचा कागद काढून पाहिला. त्यावर 'वाजते' असं होतं. तिनंही 'वाजते' लिहिलं आणि सही केली.

असा कागद तुमच्याही लिफ्टमध्ये लावलेला आहे. बटण दाबून बघावं असं तुम्हाला कधी वाटलं नाही, कारण कागद व्यवस्थित आहे.