वानखेडेभाऊंची चालू लाइन

वानखेडेभाऊंसमोर कोणाचं बोलणं तोडायची सोय नाही. भाजीवाला दारात ओरडत असला, तरी त्याची यादी मेथीपर्यंत पोचल्याशिवाय ते भाव विचारत नाहीत. बैठकीत कोणी मध्ये बोललं, की यांचा हात वर. "थांबा न! त्यांची लाइन चालू हाय."

प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून रिटायर झालेला माणूस. रिसालीतल्या आमच्या गल्लीच्या टाकीसाठी मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड त्यांनीच बनवला. टाकी भरली, की आतला तरंगता फ्लोट बोर्डाला खबर देई आणि मोटर बंद होई. त्या रविवारी झाली नाही. पाणी गेटपर्यंत वाहिलं. गल्लीचा हिशेब माझ्याकडे, म्हणून संतापही माझ्याकडेच. डबा उघडला तर एक तार जास्तीची, थेट भाऊंच्या घरात गेलेली.

"हा बोर्ड आधी कोणाचं ऐकतो? टाकीचं, का तुमच्या घरचं?"

"घरचं. ते असं हाय, मेश्रामभाऊ, घरी..."

"काढा ती तार."

सगळ्यांसमोर त्यांनी मान खाली घालून काढली. मी त्यांचं वाक्य तोडलं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

डबा उघडायला घेतलेला त्यांचा पाना संध्याकाळी परत द्यायला गेलो. लकव्याने वहिनींची वाचा गेली, एवढं ठाऊक होतं. पलंगावर बसून त्या एका बोटाने बटनांच्या पाटीवर अक्षरं दाबत होत्या. ती जिथे उमटायची, तो स्वयंपाकघरातला छोटा पडदा तार काढल्यापासून कोराच.

"अक्षरं गळत होती," भाऊ म्हणाले. "टाकीचा इंटरप्ट, म्हंजे मधातली हाक, आला का बोर्ड तिकडे पळे, तेवढ्यात हिचं पुढचं अक्षर पहिल्यावर येऊन बसे. मंग हिले पहिला नंबर देल्ला. अक्षर उचलाचं, रांगेत ठेवाचं अन् निघाचं, एवढाच नियम. पण मी बोर्डाले हिचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबवून ठेवलं. नवशिकाही अशी चूक करत नाही. पण वाटे, हिले मध्ये कोणी तोडू नये. आज ही अर्ध्या वाक्यात झोपली. बोर्ड वाट पाहून राहिला."

मला त्यांच्याकडे बघवेना. तार मी स्वतः जोडली. त्यांनी प्रोग्राम बदलला. आता बोर्ड अक्षर रांगेत ठेवतो आणि लगेच टाकीकडे वळतो.

पडद्यावर "ब" उमटलं.

"काय म्हण..." मी सुरुवात केली. भाऊंचा हात वर गेला.

बऱ्याच वेळाने "सा" आलं. तेव्हा मी बसलो.