साहाय्यक वाहन

लॉर्न हॅवरस्टॉकचा मोटारगाडीला तत्त्वतः विरोध होता. हे तत्त्व ग्वेल्फ शहरात ज्याला ठाऊक नव्हतं, तो माणूस एकतर ठार बहिरा असावा किंवा आदल्या दिवशीच राहायला आलेला. स्वतःची गाडी लॉर्नने नगरपालिकेच्या दारात, बातमीदारांना बोलावून विकली होती. तेव्हापासून त्याची बायको ग्लेनिस ओंटारियोच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत बसथांब्यावर उभी राहून तत्त्वाचं पालन करत असे. तिची तक्रार नव्हती. तत्त्वनिष्ठ माणसाशी लग्न केलं की थोडं गारठावं लागतं, अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

तिला आयुष्यात आता एकच गोष्ट करायची होती. उजवा गुडघा कामातून गेला होता, ऑक्टोबरात तो बदलायचा होता, आणि त्याआधी तिला फ्रान्समधला क्रोआ-ब्लांशचा घाट सायकलने चढायचा होता. लेक पोटात असताना त्या घाटाच्या अर्ध्यावरून ती परत फिरली होती.

"जुना आहे तोवर चढून घेते," ती म्हणाली. "नवा गुडघा माझं ऐकेल की डॉक्टरचं, कोण जाणे."

लॉर्नने सहा आठवड्यांचा बेत आखला. दोन सायकली, तंबू, स्टोव्ह, आणि रटाळ सपाटीवर गुडघ्याला विसावा. तिथल्या वेगवान आगगाडीत सायकल न्यायची तर आधी तिची हाडं सुटी करून पिशवीत भरावी लागतात. म्हणजे वाहन आलं. सायकल क्लबच्या सभेत लॉर्नने खुलासा केला, "गाडी नव्हे, साहाय्यक वाहन." सभेने खुलासा टाळ्यांच्या गजरात मान्य केला.

मग भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीला फोन झाला. पलीकडे मॉन्ट्रियलच्या कचेरीतली सोलांज नावाची बाई होती. तिचा आवाज इतका गोड होता की ग्लेनिसला तेव्हाच शंका आली.

"सर्वांत स्वस्त काय आहे?" लॉर्नने विचारलं.

"तुमच्या स्वतःच्या गाडीचा विमा कोणता आहे?"

"मला गाडीच नाही," लॉर्न छाती फुगवून म्हणाला.

"अरेरे," सोलांज म्हणाली. "मग महाग पडेल. ज्याच्याकडे गाडी असते त्याला गाडी स्वस्तात मिळते. नसते त्याचं काही सांगता येत नाही."

"अहो, इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही अपघात नाही!"

"म्हणजे अनुभव नाही. तशी नोंद करते."

त्यावर विमा, विम्याच्या बाहेर राहिलेल्या गोष्टींचा विमा, आणि आत सायकल ठेवल्यास आसनांचा वेगळा विमा असं गणित होत होत आकडा असा फुगला की लॉर्नने चष्मा काढून ठेवला.

"एक मार्ग आहे," सोलांज म्हणाली. "विकत घ्या."

"काय?"

"गाडी. नवी कोरी. सहा आठवडे भाड्याने घेण्यापेक्षा विकत घेणं स्वस्त. जाताना आम्ही परत घेऊ. विमा पूर्ण, सगळा आतच."

"म्हणजे भाडंच की!"

"छे छे, असं बोलू नका. भाडं म्हटलं की कर लागतो. कागदोपत्री तुम्ही मालक."

लॉर्न गप्प झाला. लग्नानंतर प्रथमच झाला, म्हणून ग्लेनिस घाबरली. तिने पाणी आणलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "तात्पुरती मालकी ही तत्त्वाच्या विरोधात येत नाही." आणि होकार कळवला.

लिऑंच्या विमानतळाबाहेर गाडी उभी होती. पांढरीशुभ्र, आसनांवर अजून प्लास्टिक. किल्ली देणारा माणूस म्हणाला, "ओरखडा काढा, नदीत घाला, कशाचंही काही लागणार नाही तुम्हाला. सगळं विम्यात आहे."

"पैसे विमा देईल हो," लॉर्न कपाळाला आठी घालून म्हणाला. "पण ओरखडा गाडीलाच पडणार ना?"

ग्लेनिसने त्याच्याकडे नीट पाहिलं. नवराच होता.

सायकलींच्या साखळीला तेल असतं, म्हणून त्या आत नकोत, असं ठरलं. टपावर ठेवायचा सांगाडा विकत घेतला. सांगाड्याने रंग घासेल म्हणून त्याखाली ग्लेनिसचा लोकरी स्वेटर गेला. तंबूच्या तळावर झाडाखाली पक्षी आणि उघड्यावर ऊन, म्हणून झाडही नाही आणि ऊनही नाही अशी जागा सापडेपर्यंत संध्याकाळ सरे. गाडी एकटी सोडायची नाही, म्हणून सायकल एकाने चालवायची. ती ग्लेनिस चालवी. लॉर्न मागून हळूहळू गाडी आणी आणि वाटेतल्या सायकलवाल्यांवर खेकसे.

"बघ, शेजारी शेजारी चाललेत! रस्ता काय यांच्या बापाचा आहे?"

"लॉर्न, या वाक्याविरुद्ध तू नगरपालिकेत भाषण केलं होतंस. पाऊण तास."

"तेव्हा मला दुसरी बाजू माहीत नव्हती," तो म्हणाला, आणि भोंगा वाजवला.

अशा रीतीने ते घाटाच्या पायथ्याशी पोचले. सकाळची वेळ, रविवार, आकाश स्वच्छ. रस्त्यावर आडवा दांडा, आणि दांड्यापाशी एक पोलीस. उन्हाळ्यात एखाद्या रविवारी दुपारपर्यंत घाट फक्त सायकलींसाठी राखून ठेवतात, तो रविवार नेमका आजचा होता. दांड्यामागे मोटारींची लांबलचक रांग, आणि रांगेतल्या प्रत्येक मोटारीच्या डोक्यावर सायकली. मालक खाली उतरून, सायकलवाल्यांनी कसा उच्छाद मांडलाय यावर तावातावाने बोलत होते.

"हा अन्याय आहे!" लॉर्न पोलिसावर कडाडला. "मी हजारो किलोमीटरवरून आलोय!"

पोलिसाने टपाकडे पाहिलं. "त्या सायकली चालतात का?"

"म्हणजे काय! उत्तम चालतात."

"मग चढा की."

"आणि गाडी कोण बघणार?"

हे उत्तर पोलिसाने सकाळपासून रांगेतल्या प्रत्येकाकडून ऐकलं होतं. तो दांड्याला टेकून उभा राहिला. नोकरीत त्याने फार पाहिलं असावं.

"माझी काढून दे," ग्लेनिस म्हणाली.

"थांब गं. दुपारी दांडा उघडला की मी मागून येतो. तुझ्या गुडघ्याला काही झालं तर?"

"माझ्या गुडघ्याला की तुझ्या टपाला?"

ग्लेनिसला असा संताप आला की ती स्वतःच गाडीच्या पायरीवर चढली आणि सायकल खाली ओढली. ओढताना पेडल दारावर खर्रकन घासलं. लॉर्नच्या तोंडून जो आवाज निघाला, तसा तिच्या बाळंतपणातही निघाला नव्हता. ती निघून गेली.

घाटाने तिला सोडलं नाही. गुडघ्यातून कळा निघत होत्या, दोनदा ती रडली, एकदा मोठ्याने शिव्या दिल्या. ज्या वळणावरून ती पूर्वी परत फिरली होती तिथे ती उतरली, कठड्याला टेकली, आणि पुन्हा चढली. मागून भोंगा वाजत नव्हता. या प्रवासात पहिल्यांदाच तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

माथ्यावर एक बाई टेबल मांडून सूप विकत होती.

"एकट्याच आलात?"

"नवरा खाली आहे. गाडीपाशी."

"असणारच," बाई पळी फिरवत म्हणाली. "इथे वर येणाऱ्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी खाली गाडीपाशी बसलेलं असतं."

ग्लेनिसने लॉर्नला फोन लावला. "पोचले रे. वर आहे मी."

"वा वा," लॉर्न घाईत म्हणाला. मागे गलका होता. "आता लगेच खाली ये. आम्ही इथे समिती काढलीय, वाहनमालकांची. एकमताने मला अध्यक्ष केलंय. ठराव वाचायचाय. आणि ऐक, ओरखडा खोल आहे."

तिने फोन खिशात टाकला. समोर घाटाची दुसरी बाजू उतरत होती, दुपारपर्यंत तीही मोटारींना बंद. सूप संपवून ती त्या बाजूने खाली सुटली, आणि उरलेली सुट्टी तिने तशीच काढली. ती पुढे सायकलवर, आणि तिचे कपडे घेऊन अध्यक्ष कुठेतरी मागे, वळसा घालून.

समितीचा ठराव मात्र अजून जिवंत आहे. 'रस्ता सर्वांचा असल्याने तो गाड्यांना मोकळा असावा' असा त्याचा मजकूर असून त्यावर जगभरातून सह्या येत आहेत. आपली राहिली असेल तर चिंता नसावी. नाक्यावरून कोथिंबीर आणायला गाडी काढलीत, की सही आपोआप होते.